कॅन्डिडा रॉयाल

कॅन्डिडा रॉयाल (जन्मनाव: कॅन्डिस मॅरियन व्हडाला, १५ ऑक्टोबर १९५० – ७ सप्टेंबर २०१५) या अमेरिकन दिग्दर्शिका, निर्मात्या, लेखिका आणि प्रौढ चित्रपटांतील माजी अभिनेत्री होत्या. १९८४ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क येथे 'फेम प्रॉडक्शन्स' ही निर्मितीसंस्था सुरू केली. स्त्रिया आणि जोडपी यांना प्रेक्षक मानून प्रौढ चित्रपट बनवणाऱ्या आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. 'फेम' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'स्त्री' असा आहे. प्रौढ चित्रपटाचा दर्जा केवळ त्यात काय दाखवले आहे यावर ठरत नसून, ते कोणाच्या दृष्टीने दाखवले आहे आणि चित्रीकरणाच्या वेळी कलाकारांना कसे वागवले गेले यावरही ठरतो, ही भूमिका त्यांच्या दिग्दर्शनामागे होती.

प्रारंभिक जीवन

रॉयाल यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील जॅझ संगीतातील ड्रमवादक होते. संगीत, नृत्य आणि चित्रकला यांचे शिक्षण त्यांना लहानपणापासून मिळाले. 'हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइन' आणि 'पार्सन्स स्कूल ऑफ डिझाइन' या संस्थांत त्यांनी कलाशिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच त्या स्त्रीमुक्ती चळवळीकडे आकर्षित झाल्या.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. तेथे 'द कॉकेट्स' आणि 'एंजल्स ऑफ लाइट' या प्रायोगिक रंगमंडळींशी संबंधित प्रयोगांत त्यांनी काम केले आणि जॅझ गायनही केले. या कामातून पुरेसे अर्थार्जन होत नसल्याने त्यांनी प्रथम चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून आणि पुढे प्रौढ चित्रपटांत अभिनेत्री म्हणून काम स्वीकारले.

अभिनयाचा काळ

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या सुमारापर्यंत रॉयाल यांनी सुमारे २५ प्रौढ चित्रपटांत भूमिका केल्या. या काळात असे चित्रपट प्रामुख्याने चित्रपटगृहांत दाखवले जात आणि त्यांचा प्रेक्षकवर्ग बहुतांशी पुरुषांचा असे. पुढे न्यू यॉर्कला परतल्यावर त्यांनी अभिनय सोडला. स्वीडिश वंशाचे पेर स्योस्टेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कालांतराने ते विभक्त झाले.

अभिनय सोडल्यानंतर आपण केलेल्या कामाबद्दल त्यांच्या मनात द्विधा निर्माण झाली. मानसोपचारतज्ज्ञांची मदत आणि या विषयावरील वाचन यांतून त्या एका निष्कर्षाला आल्या. प्रौढ व्यक्तींनी स्वेच्छेने कॅमेऱ्यासमोर लैंगिक अभिनय करणे त्यांना मुळात गैर वाटत नव्हते. स्त्रीला स्वतःची इच्छा असते याची या व्यवसायाने जवळजवळ दखलच घेतली नव्हती, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

क्लब ९०

१९८३ मध्ये न्यू यॉर्कमधील प्रौढ चित्रपटांच्या आजी-माजी अभिनेत्रींनी परस्परांना आधार देण्यासाठी एक गट स्थापन केला. त्यात रॉयाल यांच्यासह अ‍ॅनी स्प्रिंकल, व्हेरोनिका व्हेरा, ग्लोरिया लिओनार्ड आणि व्हेरोनिका हार्ट यांचा समावेश होता. स्प्रिंकल यांच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरील घराच्या ९० या क्रमांकावरून गटाला 'क्लब ९०' हे नाव पडले. १९८४ मध्ये या गटाने फ्रँकलिन फर्नेस या कलाकेंद्रात स्वतःच्या आयुष्यावर आधारित प्रयोग सादर केला. पुढे गटातील सदस्यांनी रॉयाल यांच्या संस्थेसाठी चित्रपटांचे दिग्दर्शनही केले.

फेम प्रॉडक्शन्स

१९८० च्या दशकात व्हीसीआर घरोघरी पोहोचू लागला आणि प्रौढ चित्रपट चित्रपटगृहातून बैठकीच्या खोलीत आले. पूर्वी अशा चित्रपटगृहांत जाण्याचे टाळणाऱ्या स्त्रिया आता हे चित्रपट घरी पाहू शकत होत्या. या बदलात रॉयाल यांना नवा प्रेक्षक दिसला. १९८४ मध्ये लॉरेन नीमी यांच्यासह त्यांनी 'फेम प्रॉडक्शन्स'ची स्थापना केली. आरंभीचे भांडवल पतीच्या कुटुंबाकडून मिळाले. 'फेम' आणि 'अर्बन हीट' हे संस्थेचे पहिले चित्रपट छोट्या स्वतंत्र प्रसंगांचे होते आणि त्यांची शैली त्या काळी लोकप्रिय झालेल्या संगीत व्हिडिओंना जवळची होती. सुरुवातीला वितरणासाठी इतरांवर अवलंबून असलेल्या रॉयाल यांनी पुढे वितरणही स्वतःच्या हाती घेतले.

दिग्दर्शनाची वैशिष्ट्ये

तत्कालीन प्रौढ चित्रपटांची रचना ठरावीक असे. नाममात्र कथानक, ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या क्रिया, जननेंद्रियांची दीर्घ निकटदृश्ये आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी पुरुषाच्या स्खलनाचे चित्रण असा हा साचा होता. रॉयाल यांनी तो जाणीवपूर्वक मोडला.

कथा आणि गती: त्यांच्या चित्रपटांत पात्रे एकमेकांजवळ का येतात याला कारण असते. संवाद, नजरानजर, संकोच आणि प्रणयाची पूर्वावस्था यांना पुरेसा वेळ दिला जातो. प्रसंग परमोच्च क्षणी तोडला जात नाही. त्यानंतरची जवळीकही कथेचा भाग असते.

छायाचित्रण: कॅमेरा चेहरा, हात आणि संपूर्ण शरीर यांच्याकडे वळवला जातो. समागमाचा शेवट स्खलनाच्या दृश्याने करण्याची रूढी त्यांनी वगळली. या रूढीमुळे पुरुषाचा अनुभव हीच प्रसंगाची समाप्ती ठरते आणि स्त्रीच्या अनुभवाला स्थान उरत नाही, असे त्यांचे मत होते. प्रकाशयोजना, वेशभूषा, नेपथ्य आणि खास तयार केलेले संगीत यांकडेही त्यांनी लक्ष पुरवले.

कलाकारांची निवड आणि संमती: स्वतः अभिनेत्री असल्याने कॅमेऱ्यासमोरील अवघडलेपण त्यांना ठाऊक होते. परस्परांविषयी ओढ असलेले कलाकार, तसेच प्रत्यक्ष जीवनातील जोडपी निवडण्यावर त्यांचा भर असे. कलाकाराच्या मनाविरुद्ध कृती करून घेतल्यास ती पडद्यावर खोटी दिसते, त्यामुळे कलाकारांचा आदर ही नैतिक बाबीइतकीच कलेचीही गरज आहे, हे सूत्र त्यांच्या कामात दिसते.

आरोग्य: १९८० च्या दशकात एड्सचा प्रसार झाल्यानंतरही या व्यवसायात कंडोमचा वापर अपवादात्मक होता. रॉयाल यांनी प्रत्यक्ष जोडपी वगळता इतर कलाकारांसाठी कंडोमचा वापर स्वीकारला आणि तो न लपवता कथेत सामावून घेतला.

प्रमुख चित्रपट

'थ्री डॉटर्स' (१९८६) हा एका मध्यमवर्गीय कुटुंबावरील कथापट आहे. त्यात तीन मुलींच्या कथांबरोबर त्यांच्या मध्यमवयीन आईवडिलांमधील प्रणयालाही स्थान आहे. तरुण शरीरांपुरत्या मर्यादित असलेल्या या चित्रपटप्रकारात ही गोष्ट वेगळी होती. 'स्टार डायरेक्टर्स' या मालिकेत 'क्लब ९०'मधील अभिनेत्रींना दिग्दर्शनाची संधी देण्यात आली. स्प्रिंकल आणि व्हेरा यांचा 'राइट्स ऑफ पॅशन' हा चित्रपट याच मालिकेतील होय. 'रेव्हलेशन्स' (१९९३) मध्ये सुखासाठीच्या लैंगिकतेवर बंदी घालणाऱ्या काल्पनिक हुकूमशाही राज्याची कथा आहे. २००७ मधील 'अ‍ॅफ्रोडाइट सुपरस्टार' या चित्रपटाच्या निर्मितीद्वारे त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या दृष्टिकोनाला वाव दिला. या चित्रपटाच्या दिग्दर्शिका अबिओला एब्रम्स होत्या.

वाद आणि टीका

रॉयाल यांचे कार्य ऐन वैचारिक संघर्षाच्या काळात सुरू झाले. १९८३ मध्ये अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरीन मॅकिनन यांनी मिनीॲपोलिस शहरासाठी पोर्नोग्राफीविरोधी अधिनियमाचा मसुदा तयार केला होता. पोर्नोग्राफी हे स्त्रियांच्या नागरी हक्कांचे उल्लंघन आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९८६ मध्ये अमेरिकेच्या महान्यायवाद्यांनी नेमलेल्या मीस आयोगाचा पोर्नोग्राफीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. स्त्रीवादी म्हणवणारी व्यक्ती असे चित्रपट कसे बनवू शकते, हा प्रश्न रॉयाल यांना वारंवार विचारला गेला. बंदीमुळे स्त्रियांचे शोषण थांबत नाही, तर त्यांचा स्वतःचा आवाज दडपला जातो, असा त्यांचा प्रतिवाद होता.

दुसऱ्या बाजूने, स्त्रियांना केवळ सौम्य आणि भावनाप्रधान चित्रणच आवडते हा रूढ समज अशा चित्रपटांमुळे दृढ होतो, अशीही टीका झाली. चित्रपट अभ्यासक लिंडा विल्यम्स यांनी 'हार्ड कोअर' (१९८९) या ग्रंथात फेमच्या चित्रपटांचे विश्लेषण करून त्यांना अभ्यासविषय म्हणून महत्त्व दिले.

इतर कार्य

अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या 'फेमिनिस्ट्स फॉर फ्री एक्स्प्रेशन' या संघटनेच्या संस्थापक मंडळात त्या होत्या. लैंगिक शिक्षण व समुपदेशन क्षेत्रातील व्यावसायिकांच्या अमेरिकन संघटनेच्याही त्या सदस्य होत्या आणि विद्यापीठांतून व्याख्याने देत असत. १९९९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठीच्या लैंगिक साधनांची 'नॅचरल कॉन्टूर्स' ही मालिका बाजारात आणली. 'हाउ टू टेल अ नेकेड मॅन व्हॉट टू डू' हे त्यांचे सल्लापर पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मृत्यू आणि वारसा

अंडाशयाच्या कर्करोगाने ७ सप्टेंबर २०१५ रोजी न्यू यॉर्क राज्यातील मॅटिटक येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रोजनिशी, पत्रव्यवहार आणि व्यावसायिक कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत. अमेरिकेतील स्त्रियांच्या इतिहासाच्या साधनांसाठी हे ग्रंथालय प्रसिद्ध आहे. त्यांच्या जीवनावरील 'कॅन्डिस' हा माहितीपट २०१९ मध्ये आला. इतिहासकार जेन कमेन्स्की यांनी श्लेसिंजर ग्रंथालयातील कागदपत्रांच्या आधारे लिहिलेले त्यांचे चरित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकविसाव्या शतकात स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या प्रौढ चित्रपटांचा स्वतंत्र प्रवाह निर्माण झाला आणि रॉयाल यांचा उल्लेख त्याच्या अग्रणी म्हणून केला जातो. जवळिकीच्या प्रसंगांसाठी कलाकारांची पूर्वसंमती घेणे, मर्यादा आधी ठरवणे आणि आरोग्याची काळजी घेणे हे विषय पुढे मुख्य प्रवाहातील चित्रपट आणि मालिकांच्या निर्मितीतही महत्त्वाचे ठरले. यांपैकी अनेक प्रश्न रॉयाल यांनी १९८० च्या दशकातच आपल्या चित्रीकरणस्थळी हाताळले होते.