शेक दिला का?

गर्भाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला येणारा प्रत्येकजण, मराठी असो वा कानडी, एकच गोष्ट विचारतो : "शेक दिला का?" नाही म्हटले की माणसे हळहळतात. उपचार अर्धवट राहिला असे त्यांना वाटते. मी इतिहासाचा शिक्षक, वैद्यकाचा नव्हे. पण या समजुतीचाही एक इतिहास आहे.

१८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले. १९१० साली स्टॉकहोममध्ये रेडियम-उपचारांसाठी 'राडियमहेमेट' ही संस्था उभी राहिली. तेथील डॉ. जेम्स हेमन यांनी १९३० च्या दशकात रेडियमच्या बारीक कुप्यांनी गर्भाशय भरण्याची पद्धत रूढ केली. पुढे अनेक ठिकाणी आधी रेडियम व काही आठवड्यांनी शस्त्रक्रिया असा क्रम पडला. कालांतराने तो उलटला : आधी गर्भाशय काढायचे, मग ओटीपोटावर बाहेरून किरण सोडायचे. दोन्ही केले की अधिक गुण, हे गृहीतच होते.

नॉर्वेत ते तपासले गेले. आरंभीच्या अवस्थेतील ५४० स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर योनिमार्गात आतून किरण दिले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्यांना बाहेरूनही दिले. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ओटीपोटात रोग कमी उलटला, पण आयुष्य वाढले नाही. हॉलंडमधील ७१५ स्त्रियांच्या अभ्यासाने २००० साली तेच दाखवले. पाच वर्षांत त्या भागात रोग उलटला तो बाहेरून किरण घेतलेल्यांत शेकडा ४, न घेतलेल्यांत १४. हयात राहिल्या त्या मात्र अनुक्रमे शेकडा ८१ व ८५. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे गणित सांगते. उलटलेला रोग बहुधा योनिमार्गातच असे आणि त्यावर तेव्हाही इलाज करता येई. २०१० साली आणखी एका डच अभ्यासात, ४२७ स्त्रियांत, केवळ आतून दिलेल्या किरणांनी योनिमार्गातला रोग तितकाच रोखला आणि आतड्यांचा त्रास पुष्कळ वाचवला.

रोग उलटू न देणे आणि आयुष्य वाढवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जगाला या स्त्रियांमुळे कळले. म्हणून शेक निरुपयोगी ठरत नाही. गाठ उग्र असेल, गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरली असेल, तर तो लागतो. कोणाला द्यायचा हे डॉक्टर तपासण्या पाहून ठरवतात. न दिला तर ती हयगय नव्हे.

मात्र ही निवड लवकर आलेल्या बाईलाच मिळते. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो लपवू नये. आपल्या घरांत तो अजून लपवला जातो. भेटायला गेल्यावर शेकाची चौकशी करणाऱ्यांनी त्याआधी घरच्या बायकांशी हे एकदा बोलावे.