तळटीप : ‘पंधरा एप्रिलचा शिक्का’
* पंधरा एप्रिलचा शिक्का : अमेरिकेत केंद्राचे आणि राज्याचे आयकर विवरणपत्र वेगवेगळे भरतात. बहुतेक राज्यांत अखेरची तारीख १५ एप्रिल. व्हर्जिनियात १ मे. टेक्सास, फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकरच नाही. कॅलिफोर्नियात टपालाने पाठवलेले पाकीट कधी पोचले हे नव्हे, तर त्यावरच्या टपालशिक्क्याची तारीख धरतात. म्हणून निवेदकाची पोस्टाकडे धावपळ. पाकीट सॅक्रामेंटोलाच जाते. मात्र कर भरायचा असेल तर एक पोस्ट बॉक्स, परतावा यायचा असेल तर दुसरा. धनादेश राज्याच्या करखात्याच्या, म्हणजे ‘फ्रँचाइज टॅक्स बोर्ड’च्या नावे, तो विवरणपत्राला टाचायचा नाही. विवरणपत्राला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळते. कराच्या रकमेला नाही, त्यावर एप्रिलपासूनच व्याज चढते. – संपा.