नस आणि तापलेली सळई

इ.स. 627. मदिनेजवळच्या खंदकाच्या लढाईत साद इब्न मुआज या योद्ध्याच्या हाताला बाण लागला आणि शीर तुटली. रक्त थांबावं म्हणून प्रेषित मुहम्मद यांनी जखम डागली, अशी हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या संग्रहात, नोंद आहे. मात्र मध, तुंबडी आणि डाग यांत गुण असला तरी अनुयायांनी डागण्याच्या वाटेला जाऊ नये, असंही हदीस सांगते. अरबी म्हणीतही डाग हा शेवटचा उपाय आहे.

वाळवंटात वैद्य दूर आणि निखारे जवळ. त्यामुळे हा शेवटचा उपाय भटक्या बेदुइनांच्या तंबूत नेहमीचा झाला. लोखंडी सळई लाल होईपर्यंत निखाऱ्यांत ठेवायची, दुखऱ्या जागी क्षणभर टेकवायची आणि उचलायची. उंटांवर टोळीची खूण उमटायची तीही अशीच. कमरेतून पायात कळ उतरली की त्याला ‘इर्क अन-नसा’ म्हणत, म्हणजे आपली सायटिका. त्यावर डाग, वाकड्या झालेल्या तोंडावरही डाग. हा केवळ अडाण्यांचा उद्योग नव्हता. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अल-झहरावी या शल्यविशारदाने हजार वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेवरच्या ग्रंथाची सुरुवातच डागण्याने केली. आपल्याकडे चरकानेही गृध्रसीवर, म्हणजे सायटिकावर, दाहकर्म सांगितलं आहे.

इतकी शतकं ही प्रथा टिकली, कारण रोगी खरोखरच बरे होत. श्रेय मात्र चुकीच्या ठिकाणी गेलं.

सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कमरेच्या मणक्यांतून निघालेले तिचे धागे कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरतात आणि गुडघ्याच्या वर दोन फाट्यांत विभागतात. मणक्यांमधली चकती सरकून मुळाशी दाब आला की कळ थेट पावलापर्यंत जाते. बहुतेकांत तो दाब काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यात सुजते आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. सूज उतरली की दहांतले सुमारे सात जण औषधाविनाही पूर्ण बरे होतात. मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या नसांना आणखी एक देणगी आहे. आतला धागा तुटला, पण भोवतीचं वेष्टण शाबूत राहिलं, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुन्हा वाढतो. महिन्याभराने सुधारणा दिसली की नाव सळईचं व्हायचं.

तात्पुरता आराम तर खराच वाटायचा. एका संवेदनेने दुसरी वेदना कशी दबू शकते, हे मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांच्या 1965च्या सिद्धांतामुळे समजू लागलं.

पुढे वाळवंटातही वैद्य जवळ आले. रियाधला 1967मध्ये सौदी अरेबियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालं. तेलाच्या पैशाने इस्पितळं आली आणि बदललेल्या राहणीबरोबर मधुमेहही आला. त्यात सर्वांत लांब नसा आधी मरतात, म्हणून पावलं आधी बधिर होतात. अशा पावलाला डाग दिला तर चटकाच कळत नाही आणि जखम चिघळते. हजला तापल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्या मधुमेही यात्रेकरूंचे तळवे नकळत भाजतात, ते याच कारणाने.

मेळघाटात आजही तान्ह्या बाळांच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके दिले जातात, तेव्हा ही गोष्ट दूरच्या वाळवंटाची राहत नाही. चेहरा अचानक वाकडा झाला तर तो पक्षाघातही असू शकतो, म्हणून लगेच इस्पितळ गाठा. नसेचीच सूज निघाली, तर पहिल्या 72 तासांत सुरू केलेल्या स्टिरॉइडने चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. ते तास डागण्यात घालवू नका.