हिंव, बर्फ आणि डॉ. कोटणीस

मंडळी, शुक्रवार पेठेत बसून बर्फावर बोलायचं म्हणजे धाडसच. आपला बर्फ म्हणजे भुशात ठेवलेली लादी, नाहीतर गोळ्याची गाडी. आकाशातून पडल्या तर गारा. भुरभुर पडणारा बर्फ आपल्यातल्या बहुतेकांनी सिनेमातच पाहिलेला. तरी आपली भाषा त्याला अगदीच परकी नाही.

'हिवाळा' घ्या. तो 'हिमकाल'वरून आला. 'हिम'चं मराठीत 'हिंव' झालं. नेपाळीत त्याच शब्दाचं रूप 'हिउँ', आणि अर्थ अजून बर्फच, कारण तिथं डोंगरावर तो दिसतो. आपल्याकडे वस्तू गेली आणि अंगावरचा काटा तेवढा राहिला. म्हणून आपल्याला हिंव भरतं, हिवताप येतो. मलेरियाच्या नावात हिमालयातला शब्द बसलाय, बघा!

'बर्फ' फारसी. फारसीत पडणारा तो 'बर्फ', गोठलेलं पाणी ते 'यख'. आपण एकच उचलला. १८३४ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या जहाजानं मुंबईला आल्या, पुढे कारखाने निघाले. त्यालाही आपण बर्फच म्हणतो.

आता प्रश्न असा की, शब्द नसेल तर फरक दिसतो का? एस्किमोंकडे शेकडो शब्द, म्हणून त्यांना शेकडो बर्फ दिसतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही, आणि आमचा साक्षीदार सोलापूरचाच आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथं जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि पुढच्या वर्षीपासून उत्तर चीनच्या डोंगरात आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर उपचार करू लागले. तिथला हिवाळा कोरडा, पारा शून्याच्या पार खाली. ते चिनी शिकले. त्या भाषेत पडणारा बर्फ 'श्युए', गोठलेला 'बिंग'. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. त्यांच्या मराठीत दोन्हींना मिळून एकच शब्द. पण जखमींना घेऊन डोंगर उतरणाऱ्याला पाय रुततोय की घसरतोय हे कळायला शब्दकोश कशाला लागेल? ते मराठीत सांगायचं तर 'भुरभुरणारा', 'गोठलेला' असा एक शब्द जास्त जोडायचा, इतकंच.

९ डिसेंबर १९४२ रोजी, ऐन थंडीत, ते तिकडेच वारले. वय अवघं बत्तीस. भैया चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर जा.