पानथरी आणि केसाळ पेशी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, ही नवलाची गोष्ट नाही. पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असणारा हा अवयव मलेरियाने वाढतो, सिकलसेल असलेल्या लहान मुलांमध्येही वाढू शकतो. गावातील किती मुलांची पानथरी हाताला लागते हे मोजून मलेरियाचा अंदाज बांधण्याची रीत आपल्या देशात एकोणिसाव्या शतकापासून होती. पण नेहमीच्या कारणांच्या गर्दीत एखादे दुर्मिळ कारण लपलेले असेल तर?

भामरागडजवळच्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे अनेक दशके माडिया गोंडांवर उपचार केले. जून २०२२ मध्ये पुण्यात डॉ. प्रकाश आमटे यांना ‘हेअरी सेल ल्युकेमिया’ या दुर्मिळ रक्तकर्करोगाचे निदान झाले. सोबत न्यूमोनियाही होता. इतरांच्या आजाराशी झुंजणारे हे कुटुंब आता स्वतःच रुग्णाचे कुटुंब झाले.

रक्ताच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण दोघांनाच हा प्रकार असतो. एका जातीच्या पांढऱ्या पेशी बिघडतात आणि अस्थिमज्जेत व पानथरीत साठतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडांवर केसांसारखे तंतू दिसतात. मज्जेत नव्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत आणि फुगलेली पानथरी असलेल्या पेशीही अडकवून ठेवते. त्यामुळे रक्तक्षय होतो, रक्तस्राव सहज होतो आणि साध्या जंतुसंसर्गानेही जीव धोक्यात येतो.

या आजाराची वेगळी ओळख पटली १९५८ साली. पेरू देशात जन्मलेल्या डॉ. बर्था बूरोंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो येथे २६ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. ‘केसाळ पेशी’ हे नाव १९६६ साली आले. त्या काळी कुटुंबापुढे मुख्य मार्ग एकच असे: पोट उघडून पानथरी काढून टाकणे. आधीच रक्त कमी आणि संसर्गाची भीती असलेल्या माणसावर ही मोठी शस्त्रक्रिया करायची. त्यानंतर पेशींची संख्या सुधारे, पण मज्जेतील रोग तसाच राही.

मग चित्र पालटले. १९८४ साली ह्यूस्टनमध्ये ७ रुग्णांना इंटरफेरॉन दिल्यावर गुण आला. १९९० साली कॅलिफोर्नियात १२ रुग्णांना क्लॅड्रिबीन हे औषध सात दिवस शिरेतून दिले, आणि ११ जणांमध्ये रोगाची खूण उरली नाही. फक्त १२ रुग्णांवरून निष्कर्ष कसा काढला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर असे, की हा आजार आपोआप असा नाहीसा होत नाही. अपेक्षा आणि निकाल यांत एवढे अंतर असेल तर लहान संख्याही बोलते. २०११ साली इटलीतील संशोधकांनी जवळजवळ सर्व रुग्णांत आढळणारा एकाच जनुकातील बदलही शोधला. आज पानथरी काढण्याची वेळ क्वचितच येते.

डॉ. आमटे उपचारांनंतर हेमलकशाला परतले. हाच आजार भामरागड तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला झाला, तर त्यालाही असेच औषध लागेल. पण त्याआधी कोणीतरी वाढलेली पानथरी पाहून ‘मलेरियाच असेल’ असे म्हणून न थांबता रक्त तपासायला हवे. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका तिन्ही कमी दिसल्या, तर रुग्णाला पुढे पाठवायला हवे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे बंद पडत आला आहे. विज्ञानाने शस्त्रक्रिया टाळता येण्याजोगी केली. सूक्ष्मदर्शकापर्यंतचे अंतर कमी करणे मात्र आपल्याच हाती आहे.