नाणेघाटात बैलगाडी चालत नव्हती, तरी हजारो टन माल वर कसा चढायचा?

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलात की टोकावडे सोडल्यावर वैशाखरे गाव लागतं. नाणेघाटाची वाट इथल्याच रानातून वर चढते. पावसाळ्यात रील काढायला जाणाऱ्यांची इथे झुंबड असते. वर पोचायला दोन-तीन तास लागतात. धाप लागली की वाटेतल्या पायऱ्यांवर टेकायचं, कातळात खोदलेल्या टाक्यांतलं पाणी बघायचं आणि पुढे निघायचं.

ही वाट मात्र फिरायला येणाऱ्यांसाठी केलेली नाही. हा दोन हजार वर्षांपूर्वीचा मालवाहतुकीचा मार्ग आहे. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर जुन्नर आणि त्याच्याही पुढे सातवाहनांची राजधानी पैठण. घाटमाथ्याच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. गुहेबाहेर थोड्या अंतरावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात.

या वाटेने माल नेमका कसा जायचा? गाडीतून नक्कीच नाही. पायऱ्या, फरसबंदी आणि शेवटची अरुंद खिंड पाहिली की हे लगेच कळतं. चाकाला तिथे जागाच नाही. माल जायचा तो बैलांच्या आणि इतर जनावरांच्या पाठीवरून.

चाक की पाठ, हे शेवटी जमीन ठरवते. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचं आहे. या वाळवंटात १८८० च्या दशकात टाकणखार काढत. (आपल्याकडे सोनार डाग लावायला वापरतात तोच.) अठरा खेचरं आणि दोन घोडे जुंपून त्याच्या दोन अवजड गाड्या ओढत, मागे पाण्याची टाकी. सुमारे २६५ किलोमीटरवरच्या मोहावे रेल्वे स्टेशनपर्यंत पोचायला दहा दिवस लागत. वाटेत चढउतार होते, पण गाडी चालेल इतकी मोकळी जमीनही होती. सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर ती वीस जनावरं पहिल्याच वळणाला अडकली असती.

आपल्याकडेही जिथे गाडी चालायची तिथे ती होतीच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचे अकीक गाड्यांवर लादून भडोचला नेत असल्याची नोंद आहे. रस्ते धड नसलेल्या मुलखातून आणि वीस दिवसांची मजल मारून! त्याच ग्रंथानुसार त्या काळी कल्याण बंदरावर निर्बंध होते आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे एवढ्या लांबच्या वाटेमागे राजकारणही होतं.

पुढच्या काळात ओझ्याच्या बैलांवरची वाहतूक म्हटली की नाव येतं बंजारा, लमाण आणि वंजारी लोकांचं. कोकणातून मीठ वर जायचं, देशावरून धान्य खाली यायचं. एका बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी, साधारण सव्वाशे किलो वजनाची. पुढे घुंगरं आणि कवड्यांनी सजवलेला म्होरक्या बैल, मागे सगळा तांडा. दिवसाची मजल जेमतेम दहा-बारा किलोमीटर, कारण बैलांना चरायला वेळ हवा.

या धंद्याचं सगळं गणित त्या चरण्यातच होतं. बैल वाटेवरच्या गवतावर जगायचा, चाऱ्याला पैसा पडत नव्हता. म्हणून मिठासारखी स्वस्त आणि जड वस्तू शेकडो किलोमीटर नेणं परवडायचं. उशीर झाला तरी मीठ काही नासत नाही. पावसाळ्यात मात्र तांडा एका जागी मुक्काम ठोकायचा.

सतराव्या शतकात आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करतो. हिशेब करून बघा. दहा हजार बैल म्हणजे साडेबाराशे टन, आजच्या भरलेल्या मालगाडीच्या साधारण तिसरा हिस्सा. लढाईच्या काळात तर तांड्याचा भाव आणखी वाढायचा. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवण्यात बंजाऱ्यांचा मोठा वाटा होता.

मग चाक घाट चढलं. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आली, तिथून शहापूर तालुक्यातून कसाऱ्याला पोचली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. चढ ३७ फुटांना एक फूट. गाडीला मागून जादा इंजिन लावण्याची कसाऱ्याची पद्धत याच चढामुळे. तांड्याला महिना लागेल ते अंतर आता मालगाडी एक-दोन दिवसांत कापू लागली, आणि तिला पावसाळ्याचा मुक्कामही नको होता. मुरबाडचा नाणेघाट या नव्या नकाशात कुठेच नव्हता.

तांड्यांवर याचा घाला दुहेरी पडला. धंदा बसला तो बसलाच, वर सतत फिरणारा माणूस सरकारच्या डोळ्यांत संशयित ठरला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे वेगवेगळ्या प्रांतांत बंजारा गटांनाही लावला गेला. ज्यांच्या भरवशावर फौजा जेवल्या, त्यांच्याच पुढच्या पिढ्यांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का! तो १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. या यादीत नाव कसं आलं, हे विचारलं तर उत्तराचा एक धागा घाटातल्या त्या बैलांपर्यंत जातो.

वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही सगळी स्टेशनं शहापूर तालुक्यातली. शेजारच्या मुरबाडला रेल्वे अजून आलेली नाही.