ख्वारिज्मचा आटलेला समुद्र

आमच्या शाळेतील आशिया खंडाच्या जुन्या भिंतीनकाशावर कॅस्पियनच्या पूर्वेस 'अरल समुद्र' असे छापलेले आहे. नकाशातील निळा रंग अजून टिकून आहे. समुद्र मात्र बहुतांशी नाहीसा झाला आहे.

वास्तविक हे एक विशाल सरोवर होय. अमू दर्या व सिर दर्या या नद्या त्यास मिळत. अरब भूगोलकार त्यांना जैहून व सैहून म्हणत आणि सरोवरास ख्वारिज्मचा समुद्र. बीजगणिताचा थोर आचार्य अल्-ख्वारिज्मी याचे नाव या प्रदेशावरून पडले, आणि हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिणारा अल्-बिरुनी इ. स. ९७३ मध्ये येथेच जन्मला.

हा समुद्र पूर्वीही एकदा आटला होता. इ. स. १२२१ मध्ये मंगोलांनी गुरगंज शहर घेताना बंधारे फोडले व नदीचे पाणी दुसरीकडे गेले. त्या काळी कोरड्या पडलेल्या तळावर बांधलेल्या एका मकबऱ्याचे अवशेष अलीकडे सापडले आहेत. यावरून आजचा ऱ्हासही निसर्गाचाच खेळ आहे असे कोणी म्हणेल, तर ते पटण्यासारखे नाही. तेव्हाही त्यात माणसाचा हात होताच.

आताचे कारण कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) कापसाची टंचाई झाली. मुंबईचे व्यापारी त्यात गबर झाले, हे आपण शिकतोच. त्याच टंचाईने रशियाची नजर मध्य आशियाच्या कापसाकडे वळली. १८७३ मध्ये खिवा रशियाच्या अंकित झाले. पुढे सोव्हिएत राजवटीत 'पांढऱ्या सोन्या'साठी प्रचंड कालवे निघाले. १९५४ मध्ये सुरू झालेला काराकुम कालवा १,३०० किलोमीटरांहून लांब झाला. मातीच्या कालव्यांतून कितीतरी पाणी वाटेतच झिरपून जाई. समुद्र आक्रसणार हे योजनाकारांना ठाऊक होते. कापसाचे उत्पन्न त्यांना अधिक मोलाचे वाटले. कापूस वेचण्यासाठी शाळा बंद ठेवून मुलांना शेतावर नेत. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट कालव्यांपेक्षाही अधिक टोचते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला, तरी उझबेकिस्तानात ही प्रथा पुढे अनेक वर्षे चालू राहिली.

१९६० मध्ये समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते. १९८७ च्या सुमारास त्याचे दोन तुकडे झाले, आणि २००७ पर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरला. पाणी खारावून मासळी मेली. मोयनाक बंदरातील मासळीचा कारखाना चालू ठेवण्यासाठी दूरच्या समुद्रांतील मासळी रेल्वेने आणावी लागली, असा उफराटा प्रकार घडला!

याहून मोठा फेरफार हवेत झाला. एवढा जलाशय उन्हाळ्यात उष्णता शोषून घेई व थंडीत ती हळूहळू सोडी. तो गेल्यावर उन्हाळे अधिक तापू लागले, हिवाळे अधिक कडक झाले, आणि पिकांचा हंगाम आखूड झाला. ज्या कापसासाठी समुद्र गमावला, त्या कापसालाही हे बाधले. उघड्या तळावरील मीठ व शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके वादळांबरोबर गावागावांत पसरू लागली; श्वासाचे विकार वाढले. आता जागतिक तापमानवाढीने या नद्यांना पाणी पुरविणाऱ्या पामीर व तिएनशान पर्वतांवरील हिमनद्याही वितळत आहेत.

कझाकस्तानने जागतिक बँकेच्या साहाय्याने २००५ मध्ये कोक-अरल बंधारा पुरा केला. उत्तरेकडील लहान तुकड्यात पाणी चढले, मासळी परतली व कोळ्यांची जाळी पुन्हा पाण्यात पडली. दक्षिणेस तसे झाले नाही; २०१४ मध्ये तिकडील पूर्वेचा भाग पूर्ण कोरडा पडला. मोयनाकला गंजलेली गलबते वाळूत उभी आहेत, आणि उघड्या तळावर वाळू धरून ठेवणारी साक्सौलची झुडपे लावण्याचे काम चालू आहे.